शेवटचं पोतं

प्रिय धाकट्या,

तिसरा मासाही हवालदारने चोचीत धरला, एकदा झटकला आणि माझ्या बुटावर टाकला. पहिले दोन त्याने निदान गिळायचा प्रयत्न केला होता. मी मासा उचलून धुतला, कल्ल्यात बसवलेली जीवनसत्त्वाची गोळी पुन्हा आत दाबली आणि परत त्याच्यापुढे धरला. त्याने मान फिरवली. काचेपलीकडे एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, बघ, त्याला भूक नाही, आणि मी गुडघे टेकून त्या पक्ष्यासमोर बसलो होतो. मग बादली बाजूला ठेवली आणि इथे पंपाच्या खोलीत येऊन हे लिहायला घेतलं. उलटा क्रेट, त्यावर फळी. तू डबा खायला बसायचास तीच जागा.

हवालदार आता बावीस वर्षांचा आहे. त्याच्या पंखावरचं हिरवं कडं दोनदा बदललं, पण नाव तू ठेवलेलंच चालू आहे. छाती काढून फिरतो आणि पकडत कोणालाच नाही, म्हणून हवालदार. त्याची मादी सदा भांडायची म्हणून वकीलीणबाई. ती तीन वर्षांपूर्वी गेली. शेजारच्या घरट्यातला भुरट्या मात्र आहे, आणि अजून खडे चोरतो. डॉक्टर म्हणतात, हवालदारला आजार काही नाही, वय आहे. मोकळ्या निसर्गात ॲडेली पेंग्विन इतकं जगत नाहीत. मी म्हटलं, मग काय करायचं? ते म्हणाले, समोर बसा, खाल्लं तर खाल्लं. म्हणून आठवडाभर समोर बसतोय.

एक कागद सहा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. उद्या सकाळी नऊच्या आत त्यावर मला शेरा लिहायचा आहे. कागद कसला ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर बाकीचं लिहायचं टाळीन. स्वतःची तेवढी ओळख मला आता झाली आहे.

बाहेर दुपारचे बारा वाजलेत, ऊन आहे, आणि आत संध्याकाळ आहे. जून महिना. तिकडे दक्षिणेला हिवाळा, म्हणून आपल्याकडचे दिवे दिवसातून चारच तास आणि तेही मंद. तुला पहिल्या वर्षी हे पटलं नव्हतं. पक्षी दुसऱ्या एका पक्षिगृहात जन्मले, त्यांना कोण सांगायला आलंय की तिकडे अंधार आहे, असं तू विचारलं होतंस. तेव्हा आपल्या जुन्या रक्षकाने, ज्याने आपल्या दोघांना हे काम शिकवलं त्याने, सांगितलं होतं की दिव्यांवरच त्यांचं सगळं वर्ष चालतं. पिसं कधी गाळायची, घरटं कधी मांडायचं, अंडं कधी घालायचं, सगळं. आणि ॲडेलीला पुरता काळोख सोसत नाही. उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या उघड्या, खडकाळ किनाऱ्यावर ते लाखांनी गोळा होतात, पिल्लं वाढवतात. हिवाळा आला की किनारा सोडून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या कडेला जातात. तिथे थंडी तेवढीच, पण दुपारी थोडा तरी उजेड असतो, आणि कडेला पाणी उघडं असतं. तू हसून म्हणालास, म्हणजे आपल्या आईसारखेच, दिवे गेले की हे पण आधी खिडकीशी जाऊन बसतात.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, कान गेलेत, जीभ आहे तशी आहे. घरात दूध उतू गेलं, नळ उघडा राहिला, कुणाच्या हातून कप फुटला की ती आतून ओरडते, धाकट्याचा हात लागला वाटतं! तू चौदा वर्षांत त्या घराची पायरी चढलेला नाहीस, तरी उतू गेलेलं दूध तुझंच. तुझी वहिनी हसते, मुलं हसतात. मीही हसतो. हे तुला माहीत नसेल, म्हणून लिहिलं. दर महिन्याला तुझा फोन येतो. मी म्हणतो, कसा आहेस? तू म्हणतोस, बरा, आईला दे. मी आईला देतो आणि शेजारच्या खोलीत जातो. तिचं बोलणं मोठ्याने असतं, त्यामुळे अर्धं कानावर पडतं. बर्फाच्या कारखान्यात तुला सुपरवायझर केलं, हे मला तसंच कळलं. ती तुला म्हणाली होती, तिथे तरी नीट लक्ष देऊन काम कर बाबा. तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही.

तुला इथे मी लावलं, हे मी किती जणांना सांगितलं असेल! धाकट्याला मी चिकटवला. शब्द टाकला म्हणून घेतलं. तू मात्र महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगलं काम करायला लागलास, आणि ते सांगायचं मला कधी सुचलं नाही. अकरा पक्षी, सगळे एका साच्यातले, काळी पाठ, पांढरं पोट, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ. मी कड्यांचे रंग बघून ओळखायचो. तू पाठमोरे ओळखायचास. गोठवलेला मासा पडून राहिला की त्यातलं सत्त्व जातं, म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या माशात गोळी. ती कुणाची चुकली, तर तुला त्याच्या चालण्यावरून कळायचं. क्रिलचं पहिलं खोकं आलं तो दिवस आठवतो का? कोळंबीच्या जातीचा, बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. तिकडे ॲडेली मुख्यतः त्यावरच जगतात, जोडीला लहान मासे. आपण हौसेने बादलीभर घातले आणि दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी जागा गुलाबी करून ठेवली त्यांनी. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि विचारलं, हा रंग कोणी दिला? तू म्हणालास, साहेब, आतून दिलाय. त्या आठवड्यात आईने आपल्या दोघांना दारातच उभं करून कपडे काढायला लावले होते. म्हणाली, समुद्र बाहेर ठेवून या.

आता खड्यांचं.

ॲडेलीला घरट्यासाठी काडी नाही, गवत नाही, तिकडे उगवतच नाही काही. खडे असतात. नर एक एक खडा चोचीत आणतो, मादीपुढे ठेवतो, वाकून दाखवतो, आणि पुन्हा दुसरा आणायला जातो. पाहणाऱ्यांना ते लाडाचं वाटतं. काचेपुढे जोडपी उभी राहून बघतात. खरं कारण पाणी आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, त्याचं पाणी उतारावरून येतं, आणि खड्यांचा थर असला तर ते खालून निघून जातं, अंडं कोरडं राहतं. म्हणून उंचवट्यावरच्या जागा आधी जातात आणि उतारावरच्याला खडे जास्त लागतात. म्हणून चोऱ्या. तू प्रत्येक घरट्याचे खडे वेगळ्या रंगाने रंगवलेस आणि आठ दिवसांत भुरट्याच्या घरट्यात सगळे रंग दिसायला लागले. तू त्याच्यापुढे उभं राहून म्हणालास, पंचनामा करायचा का? त्याने तुझ्या बुटावरचा चिखल चोचून पाहिला.

खडे आपण नदीवरून आणायचो, पोत्याने. आणि आपल्याकडे एकच नियम होता, भिंतीवर न लिहिलेला: जो पोतं आणेल तो चाळेल. तारेची ती मोठी चाळणी, दोन हातांत न मावणारी. पाणी बाहेर जायच्या जाळीची भोकं जेवढी, त्याहून चाळणीची भोकं जरा मोठी, म्हणजे जाळीत अडकेल असा एकही खडा आत जाऊ नये. चाळून खाली पडलेलं फेकायचं, वर राहिलेलं टाकायचं. एका पोत्याला तास जायचा. कोल्ड रूमच्या दाराशी, ओल्या फरशीवर, कंबर मोडेपर्यंत. मला ते काम कधीच आवडलं नाही. तू चाळताना गुणगुणायचास.

मग ते अंडं. आपल्या पक्षिगृहातलं पहिलं. वकीलीणबाईने दोन घातली होती, एक आठवड्यात निकामी निघालं. दुसरं दिव्यापुढे धरलं तेव्हा आत तांबडे धागे दिसले. तू दिवा आणखी जवळ घेतलास. नंतर म्हणालास, दादा, हलतंय. आधीचे दोन आठवडे हवालदार एकटा बसला, काही न खाता. त्यांच्यात तसंच असतं. मादी अंडी घालते आणि समुद्राकडे जाते, नर उपाशी बसतो. ती परत आली की तो जातो. बदलताना दोघं समोरासमोर उभी राहतात, माना वर करून एकमेकांच्या तोंडावर ओरडतात, आणि मगच उठणारा उठतो. दुसरा पुरता बसेपर्यंत पहिला जागा सोडत नाही. दुपारी दोनला आपली ड्यूटी बदलतानाही तू तसंच करायचास. जाळीपाशी उभं राहून, मान वर करून, माझ्या तोंडावर. मी चिडायचो. लोक बघतायत, म्हणायचो.

अंड्याच्या पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी तू पोतं घेऊन आलास. हवालदारला जागा उतारावरची मिळाली होती, अगदी जाळीजवळची, आणि भुरट्याने त्याचा थर निम्म्यावर आणला होता. तू चाळणी काढली आणि तेवढ्यात घरून निरोप आला, भिंगरीला ताप भरलाय. सहा वर्षांची होती ती. तू चाळणीकडे बघितलंस, पोत्याकडे बघितलंस. मी म्हटलं, ठेव ते. सकाळी मी चाळून टाकतो. तू पोरीकडे जा. तू म्हणालास, नक्की ना? मी म्हटलं, अरे जा. हे शब्द मी बोललो होतो, धाकट्या, आणि मनापासून बोललो होतो. त्या गोष्टीत माझ्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच आहे.

सकाळी साडेदहाला साहेबांचा निरोप आला की अकराला वर्तमानपत्रवाले येतायत, पहिल्या अंड्याचा फोटो काढायला, आणि दोघा भावांतला जो मोठा असेल त्याने तयार राहावं. मोठा म्हणजे मी, तुझ्याहून चार वर्षांनी. मी घरी फोन करून निळा शर्ट मागवला. तुझी वहिनी रिक्षाने घेऊन आली. पोतं तसंच होतं. मी त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पोतं उचललं आणि उतारावर तसंच रिकामं केलं. मग हात धुतले आणि केस विंचरले.

फोटोवाल्याने दीड वाजवला. काचेबाहेर उभं करून, आत उभं करून, हातात खडा धरून. मध्ये एकला मी जाळी पाहायची होती. दारातून डोकावलो, शर्ट भिजू नये म्हणून आत गेलो नाही, आणि तक्त्यावर खूण केली: जाळी पाहिली. बाराला बर्फ पाडायचं यंत्र चालू झालं होतं. बारीक खडे उतारावरून घरंगळत जाळीत बसले होते. मी पाहिलंच नाही, त्यामुळे ते कधी बसले हे सांगू शकत नाही. मी फोटोवाल्यांबरोबर वर चहा प्यायलो. अंड्यातून पिल्लू कधी बाहेर येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून आठ-नऊ दिवस.

दोनला तू आलास. मी वरून खाली उतरलो तेव्हा तू ओल्या फरशीवर पालथा पडला होतास, हात कोपरापर्यंत जाळीत. पाणी हवालदारच्या छातीला लागलं होतं. बाकीचे सगळे वर चढून उभे होते. तो बसला होता. मान ताठ, डोळे समोर, जसा रोज बसायचा तसा. वकीलीणबाई त्याच्यासमोर उभी राहून ओरडत होती आणि तो उठत नव्हता, कारण ती बसल्याशिवाय उठायचं नसतं, आणि पाण्यात ती बसत नव्हती. तू एक एक खडा बोटांनी उपसत होतास. तारेने तुझी नखं फाटली. मी निळा शर्ट घातला होता. मी म्हटलं, काय झालं? तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा हात आत घातलास.

संध्याकाळी अंडं दिव्यापुढे धरलं. धागे होते, पण काळपट झाले होते, हलत काही नव्हतं. जुना रक्षक म्हणाला, गेलं. तू ते परत हवालदारखाली ठेवलंस. मी म्हटलं, आता कशाला? तू म्हणालास, त्याला कुठे माहितीये.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आपण दोघं उभे होतो. तक्ता टेबलावर होता. एकला जाळी साफ होती, माझी खूण होती; म्हणजे चूक पोत्यात. साहेबांना आपला नियम ठाऊक होता. त्यांनी तुला काही विचारलंच नाही, मला विचारलं, कारण मी मोठा. शेवटचं पोतं कोणी आणलं?

मी म्हटलं, धाकट्याने.

या एका शब्दात खोटं काहीच नव्हतं. मी पुढे बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. मी खोटं बोललो नाही. कोणी आणलं विचारलं, कोणी आणलं ते सांगितलं. कोणी चाळलं, कोणी टाकलं, हे साहेबांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असंही मी म्हणायचो. आता म्हणत नाही. साहेब तुझ्याकडे वळले. तू आपल्या बोटांना बांधलेल्या पट्ट्या बघत होतास. तू म्हणालास, हो, मीच आणलं. तू थांबलास. ती जागा तू मला दिली होतीस. मी एक वाक्य बोलायचं होतं, आणि साहेबांच्या खिडकीतून दिसणाऱ्या फाटकाकडे मी बघत राहिलो. त्या फाटकावर नवी पाटी लावत होते. पाटी वाकडी लागत होती, एक माणूस खालून हात हलवून सांगत होता, डावीकडे, अजून डावीकडे. ती पाटी सरळ होईपर्यंत मी पाहिलं.

आठवडा संपायच्या आत तुझे बूट, हातमोजे आणि किल्ली जमा झाली. मी तुला फाटकापर्यंत पोचवायला आलो. मला वाटलं, आता बोलशील, शिव्या देशील, मग मीही बोलू शकेन. तू म्हणालास, जाळीत अजून दोन खडे अडकलेत, मला निघाले नाहीत, तेवढे काढ. एवढंच. ते मी पक्कड घेऊन काढले. चौदा वर्षं ते माझ्या खणात आहेत. या पत्राबरोबर ते पाठवावेत असं मनात आलं होतं. पाठवत नाही. त्यात काहीतरी छान दिसलं असतं, आणि यात छान काही नाही.

तू गेल्यावर हवालदार नऊ दिवस बसून होता. अंडं आम्ही दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं होतं. दहाव्या दिवशी उठला, पाण्यात गेला, खाऊ लागला. पुढच्या वर्षी त्यांची दोन पिल्लं जगली, मग दरवर्षी. पिल्लं मोठी झाली की आई-बाप चोचीत अन्न घेऊन पळायला लागतात आणि पिल्लं मागे धावतात. जे शेवटपर्यंत धावतं त्याच्या तोंडात पडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुला सांगावंसं वाटलं, इतकं मजेदार दिसतं ते. साहेब निवृत्त झाले, मी मुख्य रक्षक झालो. त्यांच्या जागी बाई आल्या. आणि तो फोटो: तो घरी बैठकीच्या भिंतीवर आहे, चौकटीत. निळा शर्ट, हातात खडा, हसतोय. काढला तेव्हा सव्वा वाजला असावा. आई दर रविवारी तो पुसते आणि पाहुण्यांना सांगते, हा माझा थोरला. तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणते, तोही तिथेच होता, पण त्याचं लक्ष नसायचं. मी समोर बसलेला असतो.

आता कागद. मागच्या शुक्रवारी बाईंनी तो दिला, प्रशिक्षणासाठी आलेला अर्ज आहे, मुख्य रक्षकाचा शेरा लागतो म्हणाल्या. नाव वाचायच्या आधी मी अक्षर ओळखलं, कारण वळण तुझंच आहे; अर्ज भिंगरीचा. भिंगरी वीस वर्षांची झाली. अर्जासोबत एका पक्ष्यावर दोन पानं लिहायची असतात, वस्ती, आहार, जीवन. तिने ॲडेली घेतलाय. सगळं बरोबर आहे. बर्फाची कड, क्रिल, गुलाबी डाग, वाकून ठेवलेला खडा. कुठल्याही पुस्तकात इतकं नीट नसेल, कारण ते तुझ्याकडून ऐकलेलं आहे. अर्जात एक रकाना आहे, पूर्वी कोणी नातेवाईक इथे कामाला होते का. तिने लिहिलंय: वडील, दोन वर्षं. खडे न चाळता टाकले, त्यामुळे पहिलं अंडं गेलं आणि त्यांना काढून टाकलं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे. सध्याचे मुख्य रक्षक माझे मोठे काका आहेत, त्याचा फायदा मला देऊ नये. धाकट्या, साहेबांपुढे तू गप्प बसलास ते मी समजू शकत होतो. मी तुझा दादा होतो, आईचं सगळं माझ्यावर होतं, माझ्या घरात बाळ येणार होतं, मी अशी कारणं तुझ्या वतीने शोधून ठेवली होती. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीला, तिच्या तापामुळे तू लवकर गेलास हे कळू नये म्हणून की मोठ्या काकाचं नाव खाली पडू नये म्हणून, तू ते पोतं अजून डोक्यावर घेऊन उभा आहेस, हे मला शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. बाईंनी तो रकाना वाचून मला विचारलं, बापासारखी निघाली तर? आणि मी म्हटलं, बघतो. त्यानंतर सहा दिवस मी हवालदारपुढे बसून काढले. माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर देण्याची पाळी यापुढे तुझी नको. मी हे एवढ्यासाठी लिहिलं की उद्या बाईंना आणि आईला सांगण्याआधी ते एकदा तुला सांगितलेलं असावं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. भिंगरीला तू सांग. तिला माझ्या तोंडून कळायला नको, ते तुझं आहे.

तुझाच,
ज्याने म्हटलं होतं, अरे जा,
तो दादा

सकाळी साडेदहा. पाकीट अजून बंद केलं नव्हतं, म्हणून खाली लिहितो. आईला चहाच्या वेळी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, मुलांनीही ऐकलं. ती कप खाली ठेवून उठली, स्टूल ओढलं, फोटो काढून भिंतीला पाठ करून खाली ठेवला, आणि म्हणाली, त्याला कळवलंस का? मी म्हटलं, पत्र लिहिलंय. ती म्हणाली, पत्र! तोंड शिवलंय का तुझं? फोन लाव. मी लावला. तू कामावर होतास, उचलला नाहीस. नऊला बाईंकडे गेलो. शेऱ्यात लिहिलं की अर्जातल्या त्या रकान्यातली माहिती चुकीची आहे, पोतं मी टाकलं, जाळी मी पाहिली नाही. आणि खाली, मुलीला घ्यावं. बाईंनी दोनदा वाचलं, मग चौकशी होईपर्यंत किल्ल्या मागितल्या. दिल्या. भिंगरीला सोमवारी बोलावलंय. हवालदारने आजही काही खाल्लं नाही. उद्यापासून त्याच्यासमोर दुसरं कोणीतरी बसेल.